सहा खणांची पेटी

वसमतच्या मोंढ्यात नवी हळद यायला लागली की तिचा वास आमच्या गल्लीत मुक्काम ठोकून बसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पोती, हमालांच्या पाठी, रस्त्यावरची धूळ, सगळं पिवळं होतं. लोकांना हा वास सणासुदीचा वाटतो. मला तो आला की जेवण जात नाही. शेजारच्या बाई दरवर्षी सांगतात, "मॅडम, तुमाला हळदीची बाधा हाय, डाक्टरला दाखवा." डॉक्टरला काय दाखवणार? पन्नास वर्षांपूर्वीचा एक मोसम माझ्या नाकात बसला आहे आणि तो निघत नाही.

यंदा त्याच दिवसांत घरात खोकी येऊन पडली. माझी नात प्रज्ञा नांदेडला कॉम्प्युटर शिकते. तिला तयार कॉम्प्युटर नको होता, एकेक भाग मागवून आपल्या हातानं जोडायचा होता. त्यात सगळ्यात आधी निवडायचं कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी. तिनं मोबाइलवर तीन-चार पेट्या दाखवल्या. "आजी, कोणती घेऊ? ही छोटी आटोपशीर आहे, पण या मोठीत हात नीट आत जातो, हवा खेळती राहते." मी चष्मा काढून ठेवला आणि म्हटलं, "मला विचारू नकोस बाई. पेट्या निवडण्यात माझा हात चांगला नाही." तिला वाटलं, आजी नेहमीसारखी तिरकस बोलते आहे. तिनं मोठी मागवली.

तो मोसम म्हणजे बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा. आम्ही तेव्हा वसमतपासून दोन कोसांवरच्या एका गावात, बौद्धवाड्यात राहत होतो. एक खोली आणि त्यात सात माणसं: सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही नवरा-बायको. लग्नाला वर्ष झालं होतं. वाड्यातली मॅट्रिक झालेली पहिली सून म्हणून माझं कौतुक होतं, पण कौतुकाला पाय पसरायला जागा लागते आणि तीच नव्हती. रात्री कूस बदलायची तरी शेजारणीला विचारून. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे असले की मी ते हळदीच्या वावरात बोलायचे. तिथं वर आभाळ तरी मोकळं असायचं.

हळदीचं काम आम्हा दोघांचंही. मी काढणीला, हे कढईवर. काढलेली हळद मोठ्या कढईत शिजवतात. खाली जाळ, वर वाफ, आणि कढईच्या तोंडाशी दिवसभर उभा असलेला माणूस. संध्याकाळी ह्यांच्या अंगाला हात लावला तर ते भिंतीसारखं तापलेलं असायचं. नखं पिवळी, डोळ्यांचे कोपरे पिवळे. ह्यांना त्या कढईची भीती वाटायची. तसं बोलून दाखवत नसत, पण सकाळी निघताना उंबऱ्यात एक क्षण थांबायचे, आणि ते थांबणं मी रोज पाहायचे.

ह्यांचं मन अडकलं होतं रेडिओत. पोस्टानं येणारा रेडिओचा कोर्स हे गुपचूप करत होते. पातळ कागदाची हिंदी पुस्तकं यायची, त्यांत रेघोट्यांची चित्रं. हे ती वावराच्या बांधावर बसून वाचायचे आणि मला समजावून सांगायचे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण सांगताना ह्यांचा चेहरा असा उजळायचा की मी मुद्दाम पुन्हा विचारायचे. नवरा आवडायला लागणं म्हणजे काय, ते मला त्या बांधावर समजलं.

वसमतला मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणारे एक म्हातारे चाचा होते. ह्यांनी त्यांच्याकडे काम मागितलं. चाचा म्हणाले, "देख बेटा, किताब तो सब पढ़ते. तू खुद का मशीन बना के ला. एक शादी बराबर चला के दिखा. फिर कढ़ाई छोड़, मेरे पास आ जा." चाचांच्या दुकानामागं एक खोली होती, मशीन चालवणाऱ्या माणसाला राहायला. दहा बाय दहाची असेल नसेल. पण तिला दार होतं, दाराला आतून कडी होती, आणि त्या कडीच्या आत फक्त आम्ही दोघं असणार होतो. मी ती खोली एकदा बाहेरून पाहून आले आणि मग मला दुसरं काही दिसेना. नणंदेचं लग्न चैत्रात ठरलं होतं. त्याच लग्नात मशीन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करून कर्ण्यात सोडणारं यंत्र, लावायचं ठरलं.

एकेक भाग जमत गेला. वॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओतल्या, ट्रान्सफॉर्मर नांदेडहून आणलेला. राहिली पेटी. पुस्तकात पत्र्याच्या एका लहान डब्याचं चित्र होतं आणि त्यात सगळे भाग एकमेकांना चिकटून बसवलेले. मी म्हटलं, "अहो, हे तर आपल्या घरासारखंच कोंबलंय." हे हसले. तसला डबा वसमतच्या पत्रेवाल्याकडं एका दिवसात झाला असता.

पण त्याच बाजारात जुन्या लाकडाच्या दुकानासमोर मला ती पेटी दिसली. निजामाच्या काळातल्या कुठल्यातरी कचेरीतली, कागद ठेवायची. सागवानी, झाकणावर झिजलेली उर्दू अक्षरं, आणि आत सहा खण. दुकानदारानं झाकण उघडलं तेव्हा मला ते सहा खण म्हणजे सहा खोल्याच दिसल्या. स्वच्छ, कोरड्या, एकीचा दुसरीला त्रास नाही. मी तिथून हलेना.

"एवढी मोठी काहून?" हे म्हणाले. "पुस्तकात लहान डबा सांगितलाय."

"पुस्तक लिवणाराचं घर मोठं असंल. त्याला काय ठावं, कोंबून ऱ्हायला कसं लागतं ते."

"अगं, तारा लई लांब होतील."

"होऊ द्या की. दोन घरांत अंतर असलं म्हणजे भांडण होत न्हाई."

हे पुन्हा हसले, माझ्याकडं बघत राहिले, आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली. मला आठवतं, परतीच्या वाटेवर मी ह्यांच्या मागून चालत होते आणि इतकी खूश होते की उन्हाचे चटके लागत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी निवडलं होतं. नवरा निवडला नव्हता, घर निवडलं नव्हतं, ही पेटी निवडली होती.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे मान्य करताना मला आजही लाज वाटते. संध्याकाळी कढईवरून आले की हे पेटी घेऊन चुलीपाशी बसायचे. तारा जोडायला कथलाचा डाग द्यायची तांब्याच्या टोकाची सळई चुलीतच तापवायची, कारण वाड्यात वीज नव्हती. एका बाजूला भाकरी, एका बाजूला सळई. सासूबाई म्हणायच्या, "आमची सून स्वयंपाक करून राहिली का तोफा बनवून राहिली?" मी खणांना घरातल्या माणसांची नावं दिली होती. ट्रान्सफॉर्मरचा खण सासऱ्यांचा, जड आणि घुमा. मोठ्या वॉल्व्हचा सासूबाईंचा, लवकर तापणारा. दिरांचे दोन, नणंदेचा एक. आणि कोपऱ्यातला शेवटचा, जिथं माईकची तार येऊन जोडली जायची, तो आमचा. तो मी मुद्दाम सगळ्यांत लांबचा धरला होता. खणांच्या भिंतींना ह्यांनी भोकं पाडली आणि तारा या खोलीतून त्या खोलीत नेल्या. हातभर, दोन हात. प्रत्येक तार सरळ, प्रत्येक वळण नीट. इतकं देखणं काम मी नंतर कधी पाहिलं नाही. झाकण उघडलं की वाड्यातल्या बायका बघायला यायच्या.

आता वाटतं, गरिबाला जागा मिळाली की तिचं काय करावं ते कळत नाही. तो ती सगळ्यांना वाटून टाकतो.

मशीन चालवून बघायचं तर वीज हवी. गावात ती मोजक्या घरांत, पंचायतीत आणि पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला माणूस बरा होता, पण म्हणाला, "लाइन घ्या, पर माझं दळण थांबणार न्हाई." म्हणून चालू गिरणीत, पट्ट्याच्या फटफटीत आणि जात्याच्या घरघरीत आम्ही मशीन लावलं. कर्णा पोत्यांवर ठेवला. वॉल्व्ह तांबूस पेटले. हे माईकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि पिठानं पांढरा झालेला तो आवाज सगळ्या खडखडाटाच्या वरून आला. दळणाला आलेल्या बायका हसायला लागल्या. ह्यांनी माईक माझ्या हातात दिला. काय बोलावं सुचेना, तर मी माझं नाव सांगितलं, माहेरचं. ते नाव त्या गावात वर्षभरात कुणी घेतलं नव्हतं. त्या गोंगाटात आमच्या पेटीतून आणखी कसला आवाज येत असेल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. ऐकू येणार तरी कसा?

लग्नाच्या दिवशी पंचायतीतून तार ओढून वीज आणली. चाचा मुद्दाम वसमतहून आले होते, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. ह्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि हात तीन वेळा घासले होते, तरी नखं पिवळीच होती. बौद्धाचार्य वंदनेला उभे राहिले. सगळा मंडप शांत झाला. त्या शांततेत ह्यांनी बटण फिरवलं आणि कर्ण्यातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बंद डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा. बौद्धाचार्य बोलायला लागले, पण त्यांचे शब्द त्या आवाजाखाली बुडून गेले. ह्यांनी आवाज वाढवला, तर ती घरघरही वाढली. कमी केला, तर दोन्ही गेले.

ह्यांनी झाकण उघडलं. माझ्याकडं पाहिलं. मी धावत जाऊन सळई चुलीत तापवून आणली. भर मंडपात, दोनशे माणसांसमोर, ह्यांनी एकेक डाग पुन्हा दिला. घाम वॉल्व्हवर पडायचा आणि चर्र व्हायचं. नवरदेवाकडचा एक जण म्हणाला, "वंदना ऐकायची का मशीनच ऐकायचं?" लोक हसले. पुन्हा बटण फिरवलं, पुन्हा तेच. शेवटी बौद्धाचार्यांनी माईक बाजूला सारला आणि तशीच, मोठ्या आवाजात वंदना घेतली. नणंदेचं लग्न लागलं. हे पेटीपाशी गुडघ्यांवर बसून होते.

चाचा उठून आले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, राग माणूस परतवू शकतो. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, "बेटा, तू मेहनत किया. लेकिन ये काम तेरे हाथ में नहीं है. तकलीफ मत कर." हे आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "बराबर हाय, चाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कढईवर गेले. उंबऱ्यात थांबले नाहीत. काही दिवसांनी पेटीतलं सामान काढून विकलं आणि पेटीत सासूबाईंनी डाळी ठेवल्या. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, एका खणात गूळ. फार सोयीची पेटी निघाली.

मी पुढं शिकले, शिक्षिका झाले. ह्यांनीच शिकवलं, हळदीच्या मजुरीवर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्हा शिक्षकांचं विज्ञानाचं शिबिर कळमनुरीला होतं. तिथल्या एका गुरुजींनी एवढ्याशा पत्र्याच्या डब्यात आवाज मोठा करायचं यंत्र बनवून दाखवलं. कुणीतरी विचारलं, "सर, इतकं दाटीवाटीनं काहून बसवता?" ते म्हणाले, "माईककडून येणारी तार आखूड पाहिजे. ती लांब केली, त्यात ट्रान्सफॉर्मरच्या जवळून नेली, की आसपासची विजेची घरघर ती ओढून घेते. लाकडाच्या पेटीत तर विचारूच नका. डाग कितीही चांगले द्या, ती घरघर जात नाही. सगळं जवळ आणा, लगेच थांबते." एवढंच होतं. मी ते वहीत लिहून घेतलं, चांगल्या अक्षरात, खाली रेघ मारून.

शिबिर संपवून एसटीनं घरी येताना बाळापूर मागे पडलं, शेतं मागे पडली, आणि मी ते वाक्य मनात घोळवत होते. हे तेव्हा तिशीच्याही आतले होते. चाचा हयात होते. पुन्हा पत्र्याचा डबा आणता आला असता, सगळं पुन्हा जमवता आलं असतं. घरी पोहोचले. हे ओसरीवर बसून काडीनं नखांतली हळद काढत होते. म्हणाले, "आलीस? काय शिकवलं शिबिरात?"

मी म्हटलं, "काही न्हाई. नेहमीचंच."

का म्हटलं? याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं सजवून ठेवलं होतं. जुनी जखम कशाला उकरायची, ह्यांना पुन्हा आशा लागली आणि पुन्हा मोडली तर, असलं काहीतरी. सगळं खोटं आहे. खरं एवढंच की ते वाक्य सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, पेटी कुणी निवडली. ह्यांनी तो विचारला नसता, हेही मला माहीत होतं. नुसतं माझ्याकडं बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं. आणखी एक गोष्ट आहे, ती याहून वाईट. मी मास्तरीण झाले होते, गावात मला मान होता. माझ्यामुळं नवऱ्याचं नुकसान झालं यापेक्षा नवऱ्याला जमलं नाही, हे त्या मानाला जास्त शोभत होतं. मी तेव्हा गप्प बसले. एक वर्ष गप्प बसलं की दुसरं वर्ष सोपं जातं, आणि मग सांगणं हाच गुन्हा वाटायला लागतो.

ह्यांनी नंतर विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. घरात फ्यूज उडाला तर शेजारच्याला हाक मारायचे आणि स्वतः लांब उभे राहायचे. आमच्या मुलाला वायरमनचा कोर्स करायचा होता. हे त्याला म्हणाले, "आपल्या हातात ते न्हाई रे बाबा. दुसरं काही बघ." इतकं समजुतीनं म्हणाले की मुलानं हट्टही केला नाही. तो ड्रायव्हर झाला. मी त्याच खोलीत मुलांच्या वह्या तपासत बसले होते. लाल पेनानं दुसऱ्यांच्या चुका खोडत होते.

प्रज्ञानं परवा तिची पेटी भरली. काचेची बाजू, आत ऐसपैस जागा, तारा मागच्या बाजूनं नेलेल्या, दिसतही नाहीत. बटण दाबलं तर पंख्याची नुसती झुळूक. तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवत विचारलं, "आजी, आजोबांना यातलं काही जमायचं का गं? बाबा म्हणतात, घरात कुणालाच नव्हतं जमत. मग माझ्यात कुठून आलं?" तिचे हात मी बघत होते. लांब बोटं, तार वळवताना अंगठा किंचित बाहेर. ते हात कुणाचे आहेत, हे सांगायला मला कुठली पोथी नको होती. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना? न्हाई गं. त्यांना नव्हतं जमत." म्हणजे माणूस गेल्यावरही मी त्यांना सोडलं नाही.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. शेवटचे काही दिवस नांदेडच्या एका दवाखान्यात होते. एका दुपारी अंगात जरा ताकद होती, मी उशीला टेकवून बसवलं. खोलीत दुसरी खाट रिकामी होती. ह्यांनी दोन्ही हात चादरीवर पालथे ठेवले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "ह्या हातांनी काहीच धड झालं न्हाई बघ. तुला तकलीफच दिली सगळी."

शिबिरातलं ते वाक्य माझ्या तोंडात होतं. चाळीस वर्षं पाठ होतं ते. आठ-दहा शब्दांचं. सांगितलं असतं तर ह्यांचे हात ह्यांना परत मिळाले असते, जाताना का होईना. कुणी मधे आलं नाही. नर्स आली नाही, मुलाचा फोन आला नाही. वेळ भरपूर होता. हे माझ्याकडं बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हटलं, "दूध गरम करून आणू का?"

हे म्हणाले, "आण."